दादांचा अर्धा हिस्सा: मेडिकेडवर असलेल्या भावाकडून सामाईक घर विकत घेताना

प्रकरण नमुन्याचं आहे आणि आकडे हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. नियम मात्र खरे आहेत, अमेरिकेतले, आणि जिथे राज्याचा प्रश्न येतो तिथे न्यू जर्सीचे.

एडिसनमधलं घर. १९९८ साली दोघा भावांनी मिळून १ लाख ९० हजार डॉलरला घेतलेलं. डीडवर, म्हणजे मालकीच्या दस्तावर, दोघांची नावं, पुढे काहीच लिहिलेलं नाही. न्यू जर्सीत असं डीड असलं की कायदा दोघांना ‘टेनन्ट्स इन कॉमन’ धरतो: प्रत्येकाचा अर्धा हिस्सा वेगळा, आणि एक गेला तर त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे न जाता त्याच्या वारसांकडे जातो. थोरले, म्हणजे दादा, ६७ वर्षांचे, विधुर, मूलबाळ नाही. घरात तेच राहायचे. धाकटे नोकरीमुळे जर्सी सिटीत भाड्याने होते. दादांना पक्षाघात झाला. रिहॅबमधून ते घरी आले तेव्हा धाकटे बायको-मुलासह एडिसनला राहायला आले आणि पाच महिने दादांचं सगळं केलं. मग झेपेना. दादा नर्सिंग होममध्ये गेले, त्याला आता १६ महिने झाले. त्यातले शेवटचे १४ महिने मेडिकेडवर, म्हणजे गरजूंसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेवर.

आता धाकट्यांची बदली ठरली आहे. वर्ष-सव्वा वर्षात नॉर्थ कॅरोलायनाला जायचंय, पण मुलगा इथल्याच रटगर्स विद्यापीठात शिकतोय, म्हणून घर ठेवायचंय. दादांचा हिस्सा विकत घेऊन घर एका नावावर करावं, एवढीच इच्छा. घरात पहिला विचार निघाला तो अर्थातच पुण्याच्या पद्धतीचा: ‘दादा सही करतील, हक्कसोडपत्र करून टाकू, एक डॉलर दाखवू.’ अमेरिकेत असे एक डॉलरचे डीड रोज होतात. मेडिकेडवर असलेल्या माणसाने तसं डीड केलं की काय होतं, ते पुढे येईल.

आधी विचारायचा प्रश्न: कोणतं मेडिकेड?

मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची आरोग्य विमा योजना) आणि मेडिकेड दोन्ही १९६५ सालचे, नावं जुळी, स्वभाव उलटे. मेडिकेअरला तुमच्या नावावर किती घरं आहेत याच्याशी देणंघेणं नाही. सहमालक फक्त मेडिकेअरवर असेल तर हा सगळा लेख त्याला लागू नाही. मेडिकेडमध्येही दोन जाती आहेत. ६५च्या आतल्या, निव्वळ उत्पन्नावर मिळणाऱ्या मेडिकेडला मालमत्तेची मर्यादाच नसते. तिथे घर विकलं तर फक्त करपात्र नफा उत्पन्नात येतो का एवढंच पाहायचं. दादांचं मेडिकेड तसं नाही. नर्सिंग होमचा खर्च उचलणाऱ्या दीर्घकालीन मेडिकेडला मालमत्तेची मर्यादा आहे, एकट्या माणसाला २,००० डॉलर. हा आकडा १९८९ पासून हललेला नाही.

मग अर्धं घर नावावर असताना दादा पात्र कसे ठरले? राहतं घर मोजत नाहीत, पण दादा परत घरी येणार नाहीत असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. त्यांच्या कामी आला तो कमी माहितीतला एक नियम: सामाईक घर विकल्यामुळे त्यात राहणारा दुसरा मालक बेघर होणार असेल आणि त्याला दुसरं घर हाताशी नसेल, तर लाभार्थीचा हिस्सा मोजायचा नाही. धाकटे त्या घरात राहतात म्हणून दादांचा हिस्सा मेडिकेडच्या हिशेबाबाहेर आहे. म्हणजेच ज्या दिवशी धाकटे नॉर्थ कॅरोलायनाला जातील त्या दिवशी ही सूट संपेल, आणि अडीच लाखांच्या आसपासचा हिस्सा दादांच्या खात्यात मोजला जाईल. बदली ठरल्यामुळे खरेदी गरजेची झाली ती अशी. घरच्यांना हे माहीतच नव्हतं. ते आपले व्याजदराच्या मागे लागले होते.

फुकट घेता आलं असतं का?

विकत घेण्याआधी हे तपासणं वकिलाचं काम आहे आणि घाईत तेच राहून जातं. घर फुकट दिलं तरी दंड, म्हणजे काही काळ मेडिकेड बंद, लागत नाही अशी काही नाती कायद्यात दिली आहेत: नवरा-बायको, २१ वर्षांखालचं मूल, कुठल्याही वयाचं अंध किंवा अपंग मूल, दोन वर्षं घरात राहून सेवा केल्यामुळे नर्सिंग होम लांबणीवर टाकणारं मूल, आणि भाऊ-बहीण. भावंडांसाठी दोन अटी. घरात त्याची आधीपासून मालकी हवी, आणि लाभार्थी नर्सिंग होममध्ये जाण्याआधी किमान एक वर्ष तो त्या घरात राहिलेला हवा.

धाकट्यांची मालकी होती. राहणं पाच महिन्यांचं. सात महिने कमी पडले. ‘दर शनिवार-रविवार इथेच असायचो’ हे खरं असलं तरी ड्रायव्हिंग लायसन्स, कर विवरणपत्र आणि जर्सी सिटीचा भाडेकरार वेगळं सांगत होते. हा दावा दामटून पुढे करू नये. खोटं प्रतिज्ञापत्र हा दंडकाळापेक्षा मोठा त्रास आहे. ज्यांच्या घरी असं दुखणं नुकतंच सुरू झालंय, त्यांनी मात्र या एका वर्षाकडे लक्ष ठेवावं. पत्ता बदलायला उशीर केला म्हणून लाखांचा फरक पडतो.

किंमत: इथे भावाभावांत सूट नाही

मेडिकेड पाच वर्षं मागे पाहतं. या ६० महिन्यांच्या ‘लुक-बॅक’मध्ये बाजारभावापेक्षा कमी किमतीत दिलेली प्रत्येक गोष्ट तुटीइतकं दान धरली जाते. तुटीला राज्याने ठरवलेल्या नर्सिंग होमच्या सरासरी दररोजच्या खर्चाने भागायचं. येतील तितके दिवस मेडिकेड बंद. आता एक डॉलरच्या डीडचा हिशेब करून पाहा: हिस्सा २ लाख ४० हजारांचा, रोजचा भाजक हिशेबापुरता ४०० डॉलर धरला, तर ६०० दिवस. आणि हिस्सा तर धाकट्यांच्या नावावर गेलेला, दादांकडे नर्सिंग होमला द्यायला काहीच नाही.

परवानाधारक अप्रेझरने, म्हणजे मूल्यांकन करणाऱ्याने, घराची किंमत ५ लाख ४० हजार काढली. कर्ज बाकी ६० हजार. निव्वळ ४ लाख ८० हजार, दादांचे २ लाख ४० हजार. त्याच अप्रेझरने एक परिच्छेद जोडला: अविभक्त अर्धा हिस्सा बाहेरचा कुणी पूर्ण भावाने घेणार नाही, म्हणून सूट धरून २ लाख. तर्क चूक नाही. वाटणीच्या दाव्याची कटकट अंगावर घेऊन अर्धं घर कोण घेईल? पण इथे घेणारा बाहेरचा नाही, उरलेल्या अर्ध्याचा मालकच आहे, आणि त्याच्या हातात पडताच अर्ध्याचं पूर्ण होतं. मेडिकेडची केस तपासणारा कर्मचारी नेमकं हेच म्हणतो. ४० हजारांची तूट म्हणजे १०० दिवस. या सवलतीचा वाद जिंकता येतही असेल, पण तो सुनावणीत महिनोन् महिने चालतो आणि तोवर नर्सिंग होमचं बिल थकतं. पूर्ण २ लाख ४० हजार देणं शहाणपणाचं.

धाकट्यांची तक्रार वाजवी होती. ‘कर्जाचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, विमा, सगळं मीच भरतोय.’ दादांच्या वाट्याचे महिन्याला ९०० डॉलर, २१ महिने, १८,९०० डॉलर. सहमालकाने दुसऱ्याच्या वाट्याचे भरलेले पैसे मागता येतात, पण नात्यात दिलेले पैसे प्रेमाने दिले असंच मेडिकेडचं कार्यालय गृहीत धरतं; उसने होते हे दाखवायची जबाबदारी देणाऱ्याची. इथे दोन गोष्टींनी तारलं: हप्ते बँकेतून गेले होते, आणि पहिल्याच महिन्यात दादांना ‘तुमच्या वाट्याचे मी भरतोय, हिशेब नंतर’ असं ईमेल गेलेलं होतं. छपराच्या दुरुस्तीचे १६ हजार मात्र रोख दिले, पावती नाही, फक्त ठेकेदाराचा अंदाजपत्रकाचा कागद. त्याचे आठ हजार सोडून दिले. १८,९०० वेगळी ओळ करून क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होतानाच्या, हिशेबात दाखवले. किमतीतून गुपचूप वजा केले असते तर तेवढीच तूट दिसली असती. ‘तुम्ही घरात राहता, मग दादांना भाडं दिलं का?’ हा प्रश्नही येऊ शकतो. त्याचं उत्तर म्हणून पाच महिन्यांच्या सेवेची नोंद आणि दुरुस्तीचे कागद फाइलमध्ये लावून ठेवले.

सही कोणाची?

२०१६ साली दादांनी धाकट्यांच्या नावे ड्युरेबल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी केली होती. धाकट्यांना वाटलं, झालं काम: दादांतर्फे मी सही करतो, घेणारा म्हणूनही मीच. मालकीहक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीने तिथेच थांबवलं. मुखत्याराने मालकाची वस्तू स्वतःलाच विकणं हा हितसंबंधाचा संघर्ष आहे, आणि मुखत्यारपत्रात त्याची स्पष्ट परवानगी नसेल तर ते डीड उद्या कुणीही, पुण्यातली बहीणसुद्धा, उडवू शकते. २०१६च्या कागदात तसं कलम नव्हतं.

दुसरा मार्ग पालकत्वाचा, कोर्टातून. खर्चिक आणि वेळखाऊ. पण दादांची वाचा गेली असली तरी समज गेलेली नव्हती, आणि डीडवर सही करण्याची क्षमता म्हणजे सगळं आयुष्य सांभाळण्याची क्षमता नव्हे. दादांसाठी स्वतंत्र वकील घेतला. धाकट्यांच्या वकिलाने दोन्ही बाजू पाहायच्या नाहीत हे इथे पथ्यच आहे. न्यूरोसायकॉलॉजिस्टचा अहवाल झाला. मग वकील दादांच्या खोलीत गेले, धाकटे बाहेर व्हरांड्यात. इंग्रजीत दादा गोंधळत होते म्हणून फोनवर मराठी दुभाषी, घरातला नाही, बाहेरचा. प्रश्न ‘हो-नाही’चे, पण उलटसुलट विचारलेले: घर तुमच्या एकट्याचं का? विकल्यावर पैसे भावाला मिळणार का? त्यावर दादांनी जोरात मान हलवून ‘नाही’ केलं आणि डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. हे सगळं वकिलाने वेळेसकट टिपून ठेवलं. सही डाव्या हाताची, वाकडीतिकडी, दोन साक्षीदार आणि नोटरी पलंगाशेजारी. जुन्या सहीशी ती जुळत नाही म्हणून तसं स्पष्ट करणारं एक प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं.

पुण्याचा फ्लॅट

दादांच्या वकिलाने सहज विचारलं, गेल्या पाच वर्षांत आणखी काही दिलंय का, इथे किंवा भारतात? धाकट्यांनी सांगितलं, नाही, काही नाही, फक्त आईच्या फ्लॅटचं हक्कसोडपत्र.

आई अडीच वर्षांपूर्वी गेल्या. फ्लॅट त्यांच्या नावावर, वारस तिघं, प्रत्येकी तिसरा हिस्सा. दोघा भावांनी न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासातून मुखत्यारपत्र पाठवलं, दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदलं, आणि फ्लॅट बहिणीचा झाला. नाममात्र मुद्रांक, एका दुपारचं काम. महाराष्ट्रातल्या घराघरांत हे असंच होतं आणि त्याला कुणी ‘दान’ म्हणत नाही. मेडिकेड म्हणतं. मालमत्ता जगात कुठेही असो, मोजली जाते, आणि वारसाहक्क सोडून देणं हेही हस्तांतरणच. अर्जात ‘परदेशात मालमत्ता?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे त्या दिवशी खरं होतं. ‘पाच वर्षांत काही हस्तांतर?’ या प्रश्नालाही त्याच ओघात ‘नाही’ लिहिलं गेलं. ते चुकलं.

फ्लॅट ९० लाखांचा, दादांचे ३० लाख. डॉलर ८५ रुपयांनी धरला तर ३५,३०० डॉलर, म्हणजे ८८ दिवस. यावर एक बचाव कायद्यातच आहे: हस्तांतर मेडिकेड मिळवण्यासाठी नव्हतंच, पूर्णपणे दुसऱ्या कारणासाठी होतं, असं सिद्ध करता आलं तर दंड नाही. इथे पुरावा बरा होता. त्या वेळी दादा धडधाकट, नोकरीवर होते. आईचं शेवटपर्यंत बहिणीने केलं होतं. आणि निरोगी धाकट्यांनीही त्याच दिवशी त्याच कागदावर हक्क सोडला होता. वकिलाने आपणहून दुरुस्तीपत्र पाठवलं, सोबत दादांच्या तेव्हाच्या वैद्यकीय नोंदी आणि हक्कसोडपत्राचं भाषांतर. त्याच वेळी, बचाव नाकारला गेला तर त्या दिवसांचा मेडिकेडने भरलेला खर्च परत करता यावा म्हणून विक्रीच्या पैशातून २५ हजार बाजूला ठेवायचे ठरले. कार्यालयाने शोधून काढण्याआधी सांगितलेली चूक आणि नंतर सापडलेली चूक यांत पुढे फार अंतर पडतं.

गावाकडच्या जमिनीबद्दल हाच प्रश्न आला तर: सातबाऱ्यावर नाव आहे पण हिस्सा विकता येत नाही, ही सबब नेहमी चालत नाही. इतर मालकांच्या संमतीशिवाय आपला हिस्सा विकण्याचा कायदेशीर अधिकार आहे का, हे पाहतात. मुंबई परंपरेच्या मिताक्षरा हिंदू कायद्यात सहदायक (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला हिस्सेदार) आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकू शकतो. म्हणजे सबब तिथेच ढिली होते. आणि हा हिस्सा नंतर सोडून दिला तर तेही पुन्हा हस्तांतरच.

पैसा कुठे जाणार ते आधी, क्लोजिंग मग

विक्रीची रक्कम उत्पन्न धरत नाहीत; मालमत्तेने फक्त रूप बदललं. पण घराला असलेली सूट रोख पैशाला नाही. मालमत्ता मोजतात ती महिन्याच्या पहिल्या तारखेला. म्हणून क्लोजिंग ३ तारखेला ठेवलं. ते ३० तारखेला ठेवलं असतं तर पैशाची व्यवस्था लावायला एक दिवस मिळाला असता.

दादांच्या हिश्शाचे २ लाख ४० हजार. त्यातून धाकट्यांचे १८,९०० आणि वकील, अहवाल, हस्तांतर शुल्क वगैरे ६,१०० गेले. उरले २ लाख १५ हजार. ते दादांच्या एकट्याच्या नावाच्या खात्यात वायरने आले. धाकट्यांसोबतचं जुनं जोडखातं आधीच बंद केलं होतं, कारण जोडखात्यातली सगळी रक्कम लाभार्थीचीच धरतात. प्राप्तिकराची भीती फुकट ठरली. दादांच्या हिश्शाची विक्री २ लाख ७० हजार धरली जाते, कारण कर्जाचा त्यांचा वाटाही धाकट्यांनी उचलला. मूळ किंमत ९५ हजार. नफा १ लाख ७५ हजार. राहत्या घराच्या नफ्यावर अडीच लाखांपर्यंत सूट आहे. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाने पाच वर्षांत एक वर्ष जरी घरात काढलं असेल, तरी नर्सिंग होममधला काळ राहण्यातच मोजतात.

‘स्पेशल नीड्स ट्रस्ट करू’, म्हणजे अपंगाचे पैसे मेडिकेडच्या मोजणीबाहेर ठेवणारा ट्रस्ट, असं कुणीतरी सुचवलं. स्वतःच्या पैशाचा तसा ट्रस्ट ६५च्या आतच करता येतो. अपंगांच्या बचतीसाठीच्या ‘एबल’ खात्यालाही दादा बसत नाहीत. त्यासाठी अपंगत्व कमी वयात आलेलं लागतं. राहिला सरळ मार्ग. परत न मिळणाऱ्या अंत्यविधी ट्रस्टमध्ये १२ हजार, श्रवणयंत्रं-दात-चाकाची खुर्ची यांत ८ हजार, बाजूला ठेवलेले २५ हजार, आणि १ लाख ७० हजार नर्सिंग होमला खासगी दराने. महिना १३,६०० धरला तर साडेबारा महिने. दादा तेवढा काळ मेडिकेडबाहेर. विक्रीची खबर काउंटीच्या सोशल सर्व्हिसेस कार्यालयाला द्यायची मुदत बहुतेक ठिकाणी १० दिवसांची असते. इथे क्लोजिंगच्या दुसऱ्याच दिवशी पत्र गेलं, अप्रेझल आणि क्लोजिंगच्या हिशेबासकट.

‘मग यात कमावलं काय?’ हा धाकट्यांचा प्रश्न रोखठोक होता. घर मोकळं झालं. वयाच्या ५५ वर्षांनंतर दिलेल्या दीर्घकालीन मेडिकेडचा खर्च माणूस गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल करणं १९९३च्या कायद्याने राज्यांना बंधनकारक आहे. न्यू जर्सीत ‘मागे राहिलेली’ची व्याख्या रुंद आहे, सर्व्हायव्हरशिपने, म्हणजे एक मालक गेल्यावर आपोआप, दुसऱ्याकडे गेलेलं घरही तीत येतं, म्हणून डीड बदलून पळवाट निघत नाही. पूर्ण किमतीत विकलेला हिस्सा मात्र त्या व्याख्येबाहेर जातो.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. धाकट्यांची बदली नसती तर थांबणं स्वस्त पडलं असतं. मेडिकेड नर्सिंग होमला खासगीपेक्षा कमी दर देतं; महिना ८ हजार धरला तर १४ महिन्यांचा दावा १ लाख १२ हजार. दादांचं दुखणं फार लांबलं नसतं तर हिश्शातून तेवढं देऊन उरलेलं वारसांना मिळालं असतं. विकत घेतल्यावर सगळेच २ लाख ४० हजार बाहेर पडतात. घर सुटलं म्हणून खूश होणाऱ्यांनी हा हिशेब आधी कागदावर मांडावा. अवघड असतं ते दादांचं आयुष्य त्या कागदावर महिन्यांत लिहिणं.

खरेदीसाठीचं धाकट्यांचं कर्ज राहत्या घराचं म्हणून झालं. अशा कर्जात बहुतेक बँका वर्षभर तिथे राहण्याची हमी लिहून घेतात, त्यामुळे कामावर बोलून बदलीची तारीख हमीच्या वर्षापुढे ठेवून घेतली. डीड न्यू ब्रन्सविकला मिडलसेक्स काउंटी क्लर्ककडे नोंदलं.

नवा अर्ज पैसे संपायच्या तीन महिने आधी भरायचा आहे, कारण निर्णयाला ४५ दिवस लागू शकतात (अपंगत्वाच्या आधारावर केलेल्या अर्जाला ९०). तेव्हा पुन्हा ६० महिन्यांचं पान उलटलं जाईल. त्यासाठी एक जाड फाइल धाकट्यांच्या कपाटात आहे: अप्रेझल, हप्त्यांचे बँक उतारे, वकिलाचं त्या दुपारचं टिपण, अंत्यविधी ट्रस्टचा करार, नर्सिंग होमची महिनावार बिलं, पुण्याच्या हक्कसोडपत्राची प्रमाणित प्रत. बहिणीने ती प्रत पाठवताना सोबत फ्लॅटच्या मेंटेनन्सच्या पावत्याही पाठवल्या होत्या. त्यांची गरज नव्हती, तरी लावून ठेवल्या आहेत.